हावोदचा तिसरा जीव

प्लास नांतग्वीन, मेरियोनेथ, वेल्स
९ मार्च १९२०

इदवाल,

तुझा पत्ता मावशीकडून मिळाला. तो मला देऊ नये असं तू तिला बजावलं होतंस, तेव्हा तिला बोल लावू नकोस. तिने दिला नाही. तिच्याकडे आलेल्या तुझ्या पाकिटावरचा शाळेचा शिक्का मी पाहिला.

हे कामाचं पत्र आहे. चार वर्षांतलं पहिलं आहे म्हणून त्यात आणखी काही शोधू नकोस.

बाबांना जानेवारीत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. वाचा परत आली आहे, थोडी जड. डॉक्टर म्हणतात असेच बरीच वर्षं काढतील, किंवा नाही काढणार. इस्टेट विकायची ठरली आहे. या खोऱ्यात सगळेच जमीनदार विकताहेत, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. बाबांनाही नाही. लिलाव सप्टेंबरच्या अखेरीला, गावातल्या हॉटेलात.

नकाशे मी काढते आहे. लिलाववाल्यांनी पाठवलेला मोजणीदार पावसाला कंटाळून परत गेला. मी गेल्या ईस्टरला बर्कनहेडहून थोड्या दिवसांची रजा काढून आले होते, ती परत गेलेच नाही. कारखान्याच्या आरेखन खात्यात माझ्या टेबलावर आता कोण बसतं मला माहीत नाही. इथलं, प्लासच्या जेवणघरातलं टेबल त्याहून लांब आहे आणि उजेड उत्तरेचा आहे. तक्रार नाही.

आता मुद्दा. बहुतेक शेतं ज्याची त्याची कुळंच घेताहेत. हावोदचं तसं नाही. हावोद आणि त्याच्या मागचा सगळा डोंगर मिळून एक तुकडा धरला आहे, आणि त्यावर लँकेशरच्या एका गिरणीमालकाचा डोळा आहे. त्याला रानकोंबड्यांची शिकार हवी. मेंढ्या नकोत, मेंढ्या राखणारी माणसंही नकोत. म्हणजे एबन आणि कात्रिन पुढच्या वसंतात घराबाहेर. दोघंही साठीच्या पुढे आहेत. एबनच्या आजोबांपासून ते त्या घरात आहेत. तिसरं कोणी आता तिथे नाही, हे तुला माहीत आहे.

बाबांना हावोद आणि डोंगर लिलावातून काढून एबनच्या नावे करून द्यायचा आहे. फुकट. आजोबांनी करून ठेवलेल्या व्यवस्थेप्रमाणे बाबा तुला न विचारता इस्टेट योग्य किमतीला विकू शकतात, पण दान म्हणून मूठभर मातीही तुझ्या सहीशिवाय देऊ शकत नाहीत. तू वारस आहेस. तुला ते नको असलं तरी आहेस. सोबतचा कागद त्यासाठी. दोन साक्षीदार लागतील. तू शिकवतोस त्या शाळेत मिळतील.

बाबा हे का करताहेत ते त्यांनी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. कारण तुला माहीत आहे असं तुला वाटेल. तसं समजून सही केलीस तरी माझी हरकत नाही.

शोनेड


६ मे १९२०

इदवाल,

कागद परत मिळाला. सही नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं.

तू लिहितोस की त्या माणसाला झोप विकत हवी आहे आणि ती विकायला तू बसलेला नाहीस. वाक्य चांगलं आहे. पण त्या माणसाला झोप आली काय आणि न आली काय, गिरणीमालकाला फरक पडत नाही. हावोद त्यालाच जाईल. तू ज्याला शिक्षा करतो आहेस त्याच्या डोक्यावर छप्पर राहणारच आहे.

तू मला सुनावणीच्या दिवसाची आठवण करून देतोस, जणू मी तिथे नव्हते. मी होते, मागच्या बाकावर. सैन्यातून कोणाला सूट द्यायची ते ठरवणारी समिती, आणि बाबा तिचे अध्यक्ष. सकाळी तू उभा राहिलास आणि म्हणालास की मी बंदूक उचलणार नाही, माणूस मारणं माझ्या मनाला मान्य नाही. त्यांनी तुझं नाव विचारलं, माहीत नसल्यासारखं. मग सूट नाकारली. दुपारी एबन उभा राहिला, ग्रिफिथसाठी. एकुलता एक मुलगा, मेंढ्या त्याच्याच भरवशावर. तीही नाकारली. तू तुरुंगात गेलास आणि जिवंत राहिलास. ग्रिफिथ फ्रान्सला गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात मारला गेला. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. जसं घडलं तसं लिहिते.

मी तिथे का बसले होते, असं तू विचारलंस. तुझ्यासाठी. दुपारपर्यंत थांबले कारण बाहेर पाऊस होता.

बाबांना तुझं उत्तर सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, पाकिटावरचं तिकीट त्यांनी ओळखलं.

"कॅनडाचं?"

"हो."

"सही?"

"नाही."

"शिव्या?"

"एकच. सभ्य आहे."

ते हसले. झटक्यापासून हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला येतं. "माझाच मुलगा," म्हणाले. "मीही केली नसती." मग त्यांनी मला खिडकी लावायला सांगितली आणि तो विषय संपला.

गेल्या आठवड्यात हावोदची हद्द मोजली. मोजल्याशिवाय इलाज नव्हता, तुकडा कोणालाही जावो, नकाशा लागतोच. साखळीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं म्हणून एबनच आला. कात्रिन दारात हात पुसत उभी.

"मोजा, शोनेडबाई, मोजा. चूल मोजा, कोंबड्यांचं खुराडं मोजा. माझी कंबर राहिली, तीही प्लासच्याच मालकीची."

मी म्हटलं, "कंबर नकाशात दाखवत नाहीत."

"दाखवा की. गिरणीवाल्याला कळू दे काय काय पदरात पडणार ते."

"गप गं," एबन म्हणाला. "काम करतेय ती."

"करू दे ना. चार वर्षं या दारात पाऊल नाही, आणि आली ती साखळी घेऊन."

मला ताक दिलं. मोठा पेला भरून, दारातच. आत बोलावलं नाही. मी पेला रिकामा करून दिला आणि पुढच्या खुणेकडे गेले. बाबांच्या मनात काय आहे ते मी त्यांना सांगितलेलं नाही. तुझी सही नसताना सांगणं म्हणजे थट्टाच झाली असती.

कागद पुन्हा पाठवते आहे. मला याचा कंटाळा आला आहे, पण तुझ्याएवढा नाही.

शोनेड


१ जुलै १९२०

इदवाल,

तुझं उत्तर नाही. बरं आहे. या पत्रालाही लगेच देऊ नकोस.

मंगळवारी हावोदची लोकर कातरणी झाली. जून संपतानाचा मंगळवार हावोदचा, त्या दिवशी सगळ्या खोऱ्याने तिथे हात लावायचा, हे तू विसरला नसशील. सुनावणीनंतर प्लासमधून कोणी तिथे गेलं नव्हतं, आणि प्लासच्या दिवशी आपल्या अंगणात कोणी आलं नव्हतं. दिवस उजाडला, बाकं मांडली, मेंढ्या वाड्यात उभ्या राहिल्या, आणि रस्त्यावर माणूस दिसला नाही. तू तेव्हा तुरुंगात होतास. पुढच्या वर्षी बाबांनी आपला कळप विकून टाकला.

मंगळवारी सकाळी ते म्हणाले, "हावोदला जायचंय."

"कोणी बोलावलेलं नाही."

"कातरणीला कोणी बोलावतं का?"

हे खरं होतं. मी घोडागाडी जोडायला सांगितली.

अंगणात नेहमीसारखी बाकांची रांग, गडी बाकांच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, प्रत्येकाच्या पुढ्यात मेंढी. आम्ही आत आलो तेव्हा कात्र्या चालूच राहिल्या, पण बोलणं थांबलं. कात्रिनने भिंतीच्या आडोशाला बाबांसाठी खुर्ची ठेवली. माझ्या अंगावर ओलं फडकं फेकलं.

"लोकर गुंडाळता येते अजून, का नुसते कागद?"

मी बाही वर केली. येते अजून. हात आपोआप करतात.

दरवर्षी बाबा एक मेंढी कातरायचे आणि ती वर्षभर डोंगरावर ओळखू यायची, ते आठवतं? अर्ध्या अंगावर पायऱ्या, अर्ध्या अंगावर जंगल. "मालकाची मेंढी" म्हणायचे. मंगळवारी त्यांच्या हाताकडे बघून वरच्या वाडीचा टोमोस म्हणाला, "मालक, यंदा मेंढ्यांचं नशीब उघडलं म्हणायचं." सगळे गार झाले. मग बाबा हसले, त्यांच्या एका बाजूने, आणि अंगणच हसायला लागलं. एबनसुद्धा. मला वाटलं, जमलं. तेव्हाच गाडी जोडायला हवी होती.

जेवायला आत गेलो. थंड मांस, बटाटे, मनुकांचा पाव, आणि शेवटी मोठ्या पातेल्यातून तांदळाची खीर. खीर वाढायला लागल्यावर बाबांनी डाव्या हाताने वाडग्यावर चमचा वाजवला. टेबलाला धरून उभे राहिले. भाषण इंग्रजीत केलं, भाषण म्हटलं की त्यांना तीच सुचते. हावोद आणि डोंगर मी एबनला देऊन टाकायचं ठरवलं आहे, म्हणाले. कायमचा. एक कागद यायचा बाकी आहे, एवढंच.

तुझं नाव घेतलं नाही.

एबनला इंग्रजी माझ्याइतकीच समजते. तरी तो चॅपलच्या पाद्र्यांकडे वळला. "काय म्हणाले मालक?"

पाद्र्यांनी वेल्शमध्ये भाषांतर केलं. त्यांचे कान लाल झाले होते. एबनने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग उठला.

"मालक, आज माझा दिवस आहे. कातरणीच्या दिवशी या घरात देणारा मी. आज मी इथे कोणाकडून काडी घेत नाही. माझ्या बापानंही घेतली नाही. बसा. खीर गार होतेय."

हे बाबांना माहीत होतं, इदवाल. लहानपणापासून माहीत होतं. कातरणीच्या घरी जाताना हात रिकामे न्यायचे आणि भरून आणायचे, एवढं तर त्यांनीच आपल्याला शिकवलं. पण जिथे बसू ते टेबल आपलंच, अशी त्यांची आयुष्यभराची सवय. ती झटक्याने गेली नाही.

तरीही एवढ्यावर निभावलं असतं. पण कात्रिन हातात पळी घेऊन उभी होती.

"आणि कोणासाठी घ्यायचा हो डोंगर?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. "ज्याला द्यायचा होता त्याचं नाव तुमच्यापुढे आलं होतं. तेव्हा तुमच्याकडे एक शब्द मागितला होता. डोंगर कोणी मागितला होता?"

बाबा बसले. पुढ्यातली खीर त्यांनी डाव्या हाताने सगळी संपवली. त्या घरात त्या वेळी तेवढंच करणं शक्य होतं, आणि ते त्यांनी केलं हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते.

परतीच्या वाटेवर विचारलं, "शोनेड, देणं चुकीचं होतं का?"

मी म्हटलं, "दिवस चुकीचा होता." मग आणखी एक वाक्य म्हटलं, ते इथे लिहून खोडलं आहे.

शोनेड


३ जुलै

कालपरवाच्या पत्रातलं खोडलेलं वाक्य दिव्यासमोर धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस. मी शाई चांगली वापरते.

शो.


१२ ऑगस्ट १९२०

इदवाल,

पहिले दोन्ही कागद रद्द समज. सोबत नवा आहे. तो बाबांचा नाही, एबनचा आहे. म्हणून नीट वाच.

काल एबन आणि कात्रिन प्लासला आले. कचेरीच्या बाजूच्या दाराने नाही, पुढच्या दाराने. घंटा वाजवली. त्याच्या अंगावर चॅपलचा काळा कोट, तिच्या डोक्यावर हॅट. वकील टिबट लिलावाच्या कामासाठी आलेलेच होते. मी खिडकीशी नकाशाला रंग देत होते. बाहेर जाऊ का विचारलं, तर एबन म्हणाला, "नको, असा."

मग बाबांना म्हणाला, "मालक, तुमच्या आजोबांनी माझ्या आजोबांना हावोद तीन जिवांच्या पट्ट्यावर दिलं होतं. तसं द्या. खंड आजवर चुकला नाही, पुढेही चुकणार नाही. फुकट नको."

तू हे ऐकलं नसशील, मीही नुसतं ऐकूनच होते. पट्ट्यावर तीन माणसांची नावं घालायची. त्या तिघांतलं एक जरी जिवंत असेल तोवर जमीन काढून घेता येत नाही, मालक बदलला तरी. पूर्वी आजा, बाप आणि पाळण्यातलं मूल अशी नावं घालत. पोर जगलं की घर जगलं.

टिबट म्हणाले, "हा प्रकार हल्ली कोणी करत नाही."

"मग तुम्हाला लिहायला मजा येईल," कात्रिन म्हणाली.

"नावं?"

"एबन. मी."

"आणि तिसरं?"

त्यांच्याकडे कात्रिनची भाची आणि तिचा नवरा राहायला यायचे आहेत. मेंढ्या ते दोघं बघतील. टिबटना वाटलं भाचीचं नाव सांगतील. तरुण आहे, धडधाकट आहे, कागदाला बरी.

"भाची राबेल," कात्रिन म्हणाली. "जीव तिचा नको. हिचा घाला."

हॅट माझ्या दिशेने हलली.

बाबा म्हणाले, "शोनेडचा काय संबंध?"

एबन पायांखालच्या गालिच्याकडे बघत होता. मी ब्रश पाण्यात ठेवला, कारण रंग हद्दीबाहेर पसरायला लागला होता.

कात्रिन बाबांशी बोललीच नाही. माझ्याशी बोलली. "चालेल ना गं तुझा? आम्ही दोघं काय, आज आहोत उद्या नाही. भाचीनं आमच्या पोराला लहानपणी दोनदा पाहिलेलं. तू आहेस तोवर त्याला ओळखणारं कोणीतरी असेल. तोवर त्या चुलीतला विस्तव कोणी काढायचा नाही. मग खुशाल रानकोंबड्या नाचू देत."

तिने मला आयुष्यात कधी अगंतुगं केलं नव्हतं.

मी म्हटलं, "चालेल."

टिबटनी जन्मतारीख विचारली. मी सांगितली. त्यांनी लिहिली, टिपकागदाने शाई टिपली आणि कुठे राहायची काही अट आहे का हे मी विचारायच्या आत म्हणाले, "तुम्ही कुठेही राहा, मिस शोनेड. फक्त असा."

असा पट्टा इतक्या लांब मुदतीचा ठरतो की बाबांना एकट्याने देता येत नाही. तुझी सही लागते. लिलावाआधी कागद हातात हवा. नाही आला तर तुकडा मोकळा विकला जाईल.

ते गेल्यावर मी बाबांना, पहिल्यांदाच, विचारलं. ग्रिफिथला का नाकारलं?

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "सकाळी मी माझ्या मुलाला नाही म्हटलं. दुपारी कुळाच्या मुलाला हो म्हटलं असतं, तर इदवालला काय वाटलं असतं? बापाने परक्याला सोडलं आणि मला धरलं. मला त्याच्याशी न्यायाने वागायचं होतं."

हे मी तुला सांगणार नव्हते. तू तुरुंगात पोचलाही नव्हतास, आणि तुझ्याशी न्यायाने वागण्यासाठी दुसऱ्याला पाठवलं गेलं. यात तुझा दोष नाही. फक्त तुझं नाव आहे. बाबा हे आजही चूक म्हणत नाहीत. ते "न्याय" म्हणतात, आणि मग रात्रभर काठीने पलंगाच्या पायावर ठोकत राहतात. माझी खोली शेजारची आहे.

सही त्यांच्यासाठी करू नकोस. त्यांच्याविरुद्धही रोखू नकोस. ते या कागदात कुठे नाहीत. तिथे तीन नावं आहेत, ती बघ.

मला जास्त लिहवत नाही. नकाशा पूर्ण झाला आहे. हावोदचा रंग थोडा बाहेर गेला, तो तसाच ठेवला.

शोनेड


२० ऑक्टोबर १९२०

प्रिय इदवाल,

कागद लिलावाच्या आधी पोचला, हे तुला तारेने कळवलं होतं. बाकीचं आता.

बाबांनी डाव्या हाताने सही केली. त्याआधी पूर्ण वाचून घेतलं. तुझ्या सहीवर बोट ठेवून थांबले, मग तीन नावांवर. शेवटच्या नावावर बराच वेळ.

"मला माहीत नव्हतं," म्हणाले.

"नव्हतंच."

"माहीत असतं तर—"

मी वाट पाहिली. उत्तर मला खरोखर हवं होतं.

"तर तेच केलं असतं," ते म्हणाले. "आणखी कडक केलं असतं. सोडलं असतं तर मुलीसाठी सोडलं म्हणाले असते लोक." मग लेखणी टेकवली. सही लहान मुलाच्या अक्षरासारखी आली. मी टिपकागद धरला. आम्ही दोघंही त्यावर पुन्हा बोललो नाही आणि बोलणार नाही. पण त्यांनी खोटं सांगितलं नाही, हे मला पुरलं. काही दिवस पुरलं.

गिरणीमालकाने डोंगर घेतलाच, पट्ट्यासकट. वाट बघायची त्याची तयारी आहे. त्याचा कारभारी मला भेटायला हॉटेलात थांबला होता. मला चहा पाजला, केक पुढे केला, आणि घोड्याच्या बाजारात बघतात तसं बघून विचारलं, "घराण्यात कोणाला छातीचा विकार वगैरे?"

मी म्हटलं, "आजी नव्वदीत गेली. जिन्यावरून पडून."

"आणि आजीची आई?"

"तिला उतारवयात जरा ऐकू कमी यायचं."

त्याने केकची बशी स्वतःकडे ओढून घेतली.

गावाला हे कळलं आहे. टिबटनी सांगितलं नसेल तर कात्रिनने सांगितलं. आता मी रस्त्याने चालले की माणसं आभाळाकडे बघतात. टोमोसने परवा शेतातून हाक मारली, "बाई, ओल्या गवतातून नका जाऊ, तुमच्यावर डोंगर आहे!" पोस्टात मला शिंक आली तर चारजणी वळल्या. कात्रिन आठवड्याला लोणी पाठवते, आणि लोकरीचे पायमोजे, जे टोचतात. न घालण्याची सोय नाही. ती भेटली की घोट्याकडे बघते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, ग्रिफिथ. युद्धाच्या आधीच्या वर्षापासून. कोणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही, कारण तू बाबांना भांडणात सुनावलं असतंस. हावोदमध्ये मला वाटलं कोणाला ठाऊक नाही. कात्रिन म्हणते, माझ्याकडचं ताक पिऊन तू प्लासऐवजी डोंगराची वाट धरायचीस आणि तो मेंढ्या वळवून तिकडेच हाकायचा, आम्ही काय आंधळी होतो? सुनावणीच्या दिवशी दुपारी पाऊस नव्हता, हेही खरं. बाकी तपशील मी देणार नाही. माझ्याकडेच फार थोडे आहेत, आणि वाटून ते वाढणार नाहीत.

प्लास एका मुलींच्या शाळेने घेतलं. बाबा मावशीकडे राहतील. एक परिचारिका ठरवली आहे, ती त्यांच्या काठीला घाबरत नाही. मला मँचेस्टरला एका पूल बांधणाऱ्या कंपनीकडे आरेखनाचं काम मिळालं, एक नोव्हेंबरपासून. मुलाखतीत विचारलं, मधल्या काळात काय करत होता. मी म्हटलं, मोजणी.

तू लिहितोस, कॅनडाला ये, इथे जागा भरपूर आहे. धन्यवाद. तू घरी यायचं मनात आणलंस तर आता भीती बाळगण्यासारखं इथे काही उरलेलं नाही. घरही नाही. बाबा पत्रांची वाट बघत नाहीत, असं म्हणतात.

तब्येत कशी आहे, असं तू शेवटी विचारलंस. अशा प्रश्नाला मी "बरी" लिहून पुढच्या ओळीवर जात असे. मार्चमध्ये पहिलं पत्र लिहिलं तेव्हा सकाळी उठायला नकाशा हे एकच कारण होतं, आणि नकाशा संपत आला होता. तो संपल्यावर काय, हे मी ठरवत नव्हते. ठरवायचं टाळत होते, असंही नाही. नुसती थकले होते. थकवा अजून आहे. मँचेस्टरला जाताना तो सामानाबरोबर येईल. पण आता मी जेवण टाळलं तर तो माझ्या एकटीचा प्रश्न राहत नाही, खोकला अंगावर काढला तरी नाही. डोंगरावर दोन म्हातारी माणसं, एक भाची आणि सगळा कळप माझ्या श्वासावर उभा आहे, आणि मला त्यासाठी करायचं काहीच नाही. फक्त असायचं आहे. इतकं सोपं काम मला कोणी दिलं नव्हतं. इतकं लांबही.

आज दोन अंडी खाल्ली. मोजे घातले आहेत. तब्येत बरी आहे, इदवाल. हे मी तपासून लिहिते आहे.

तुझी,
शोनेड